गठाणीवर मारलेले घाव

हे वाचून कुणी मला ताईत, अंगारा किंवा ओळखीच्या बाबाचा पत्ता सुचवू नये. आमच्या घरी देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील अंजनगाव सुर्जीच्या बाजारात वांगी विकायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत अंधश्रद्धेविरुद्धचं एक पत्रक टाकायचे. मीही आजवर तेच करत आले... फक्त वांग्यांशिवाय.

माझा धाकटा भाऊ मंगेश अकोल्यात राहायचा. त्याला आवाज गोळा करायचा नाद. जुन्या शहरात कापसाची सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं, तिथल्या शेडमध्ये त्यानं अल्बम रेकॉर्ड केला. गाणं नाही, चाल नाही. शेवटच्या ट्रॅकसाठी मला अमरावतीहून बोलावलं, हातात बैलगाडीची लाकडी उभारी, म्हणजे कडेचा दांडा, दिली आणि कापसाच्या गठाणीकडे बोट दाखवलं.

“मार, ताई.”

“कावून? हिनं काय केलं माह्यं?”

“रेतीवाला समज अन् मार!”

रेतीवाला म्हणजे आमच्या गावची नदी उपसून रेती चोरणारा. मंगेशनं त्याच्याविरुद्ध तहसीलमध्ये तक्रार केली होती. मी दात-ओठ खाऊन मारलं. भर दुपार, शेडमध्ये आम्ही दोघंच. कुणी ओरडलं नाही, कुणी बोललं नाही. हे लक्षात ठेवा.

अल्बम त्यानं स्वतःच इंटरनेटवर टाकला, थोड्या कॅसेटही काढल्या. बरेच महिने कुत्रं फिरकलं नाही. मग पुण्याकडची पोरं त्याच्यामागे वेडी झाली, टी-शर्ट निघाले. शेवटच्या ट्रॅकबद्दल सगळे एकच लिहायचे — मार खाणारा माणूस काय भयंकर ओरडतो! मंगेश हसायचा. “ताई, ह्यायले गठाण रडतानी आयकू येऊन राह्यली!” आम्हाला नुसतं धप्प, धप्प ऐकू यायचं.

आणि मग रेतीवाल्यानं माणसं घेऊन गावी आलेल्या मंगेशला भर बाजारात गाठलं, वडिलांच्या दुकानासमोर. आधी गुडघा फोडला, मग जबडा. खाली पडल्यावर डोक्यात घाव घातले. बाजार बघत राहिला. वांग्यांच्या ढिगावर पडलेले त्याचे दात वडिलांनी पत्रकात गुंडाळून दवाखान्यात नेले.

मंगेश वाचला. बोलत मात्र नाही.

कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. त्यात मंगेश ओरडतो, “ताई, पाणी!” मी ट्रॅक लावला... तीच किंकाळी, तेच शब्द, घावाला घाव जुळलेला. आता मलाही ऐकू आलं. आणि ट्रॅक मारहाणीच्या कितीतरी आधी अपलोड झालेला.

तरीही पुरावा म्हणून मी तो ठाण्यात नेला. साहेबांनी ऐकला. “मॅडम, मार खायच्या आंधीच मार रेकॉर्ड करता का? हे त्यायच्या वकिलाच्या हाती लागलं त म्हणन, सारं नाटक हाय. केस बुडन तुमची.”

केस तशीही बुडत होती. साक्षीदार उलटले. जामिनावर सुटलेला रेतीवाला दुकानावर येऊन वांगं हातात घेतो, वडिलांशेजारी बसलेल्या मंगेशकडे बघतो. “काय मंगेशराव, बोलून नाही राह्यले?”

मागच्या महिन्यात एका चाहत्यानं सॉफ्टवेअरनं ट्रॅकमधले आवाज वेगळे करून मला पाठवले. सोबत लिहिलं होतं, “मॅडम, किंकाळीनंतर पुन्हा मार सुरू होतो. पण ओरडणारा माणूस दुसराच आहे. आणि मारणारी ती बाई कोण?”

ऐकलं. रेतीवाला रडतोय, “मेलो वं बाई, सोड...” हाडं मोडतात. मग एका बाईचा थंड आवाज — “गठाण समज अन् गप राय.”

आवाज माझा आहे.

गर्दीनं माणूस मारण्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली आहेत, चौकात उभी राहून वाटली आहेत. त्यातला शब्द न् शब्द मला अजून मान्य आहे. हे कसं घडलं ते मला कळलेलं नाही, कुणाला कळलं तर जरूर सांगा. पण ट्रॅकचा पहिला भाग खरा झाला, आणि दुसरा अजून व्हायचाय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून ठेवतेय.

ती उभारी अमरावतीच्या माझ्या खोलीत, दारामागे आहे. जाळायला कितीदा बाहेर काढली. दर वेळी पुसून परत ठेवली.