मोहाखालची झाडलोट

सोमारीला गावानं वेडी ठरवलं, ते एका साहेबाच्या भाषणापायी. छप्पन सालच्या वनमहोत्सवात त्यांनी जंगलखात्याच्या नाक्यासमोर एक रोप लावलं, हात धुतले आणि म्हणाले, "पैसा नको, जंगलासाठी दोन हात द्या." खात्याच्या जमिनीवर वसलेलं, बेगारीत पिढ्यान्‌पिढ्या हात झिजवलेलं ते वनगाव माना खाली घालून हसलं. सोमारी तेवढी हसली नाही. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. द्यायला तिच्याजवळ हातच होते.

होळीच्या सुमाराला मोह गळायला लागतो. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून गाव झाडाखालचा पाला पेटवून देई, आणि पाल्याबरोबर मोहाची कोवळी रोपंही दरसाल जळत. म्हातारी झाडं वठत चालली होती, त्यांच्या मागे एकही तरणं नव्हतं. सोमारीनं खराटा उचलला. आपलं एकच झाड असताना साऱ्या गावाच्या बावीस मोहांखालचं ती झाडू लागली. तीन उन्हाळ्यांत रोपं तिच्या पोटरीला लागली.

धाकटी जाऊ मंगली म्हणे, "बाई, मेल्यावर वाघ येईन का वं तुले खांदा द्याले?"

"येईन बी. तू त येत नाईस," सोमारी म्हणे, आणि झाडत राही.

तिसऱ्या उन्हाळ्यात डोंगरावरचा बांबू जळाला. सोमारीचा खराटा पोचत नव्हता अशा तिथल्या एका मोहाखाली तिचा दीर, मंगलीचा नवरा इसरू यानं पाला पेटवला होता. साऱ्या गावाला ठाऊक होतं. इसरू गावचा पाटील. नाकेदार गुणवंतराव सायकल टेकवून म्हणाला, "दिवस बुडाच्या आत नाव सांगा. नाईतर अख्ख्या गावाचा मोह बंद."

मोह वेचायला बंदी म्हणजे आषाढात चूल बंद; पावसाळाभर गाव वाळवलेल्या मोहावरच जगे. इसरू धाकट्या लेकराला कडेवर घेऊन तिच्या दारात येऊन बसला.

"वैनी, माह्या घरी चार लेकरं हायेत. तुह्या मांगं कोण हाय? जंगलाले फुकट हात देतेस, गावाले नाव दे."

"म्या कधी काडी ओढली नाई, इसरू."

"तू खोटं बोलत नाईस, म्हणून त साहेब मानन."

सोमारीनं कोपऱ्यातला खराटा उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मी गेल्यावर मोहाखाली झाडसान? पेटवनार नाई?"

इसरूनं देवाची आण घेतली. वर धाकट्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवला.

नाक्यावर सोमारी म्हणाली, "म्या लावली." गुणवंतरावानं तिच्या तळहातांवरचे घट्टे पाहिले, खरं काय ते ओळखलं, आणि जबाबावर तिचा अंगठा घेतला. वनगावातून कायमची बाहेर. "एवढी जंगलाची सेवा करे म्हणे!" तो म्हणाला, तशी माणसं हसली. मंगली सगळ्यांत मोठ्यानं.

सकाळी गाठोडं घेऊन ती मूल तालुक्यातल्या भावाच्या गावाला निघाली. हद्दीपर्यंत सोडायला नाकेदार सायकल ढकलत बरोबर होता. चढावर ती थांबली. खाली बावीस मोहांमधून धूर निघत होता. इसरू हातात कोलीत घेऊन या झाडाखालून त्या झाडाखाली पळत होता. नवा पाला पडला होता, फुलं गळायच्या बेतात होती. झाडायला सवड कोणाला? कोवळी रोपं तडतडताना इथवर ऐकू येत होती.

"साहेब, थे पाहा! थांबवा त्याले!"

गुणवंतरावानं पाहिलं. नीट पाहिलं.

"आग लावनारी सापडली ना कालच," तो म्हणाला. "चाल बाई, पाय उचल."