टाकीवाले चाचा

आमच्या टाकीवाल्या चाचांइतकं कुणाच्या घरावर मागच्या अंगणातून प्रेम करणारा माणूस अख्ख्या लातुरात दुसरा नसेल. चाचा मिस्त्री होते, पण बांधायचे फक्त संडासाच्या सेप्टिक टाक्या. भिंती कुणीही उभ्या करतं, असं त्यांचं मत. आमचं घर बांधताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, माणसं किती?" मी म्हटलं, चार. "जावई धरला का?" पोरगी तेव्हा सहावीत होती. तरीही जावई, दोन नातवंडं आणि दिवाळीचे पाहुणे धरूनच टाकीचं माप निघालं. बोअरपासून अंतर त्यांनी तीनदा मोजलं. प्लास्टर झाल्यावर टाकीत पाणी भरून दोन दिवस काठावर बसून राहिले, पाणी बोटभर तरी उतरतं का ते बघत. पुढं दर ईदेला शिरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे, पण आधी मागं जाऊन टाकीच्या हवेच्या पाईपाला कान लावायचे. एकदा बायकोच्या हातात अ‍ॅसिडची बाटली दिसली, तर कळवळून म्हणाले, "भाभी, आतले जंतू मेले तर काम कोन करंल?"

सात वर्षांनी टाकी उपसायला गाडी आली, तेव्हा चाचा न बोलावता हजर. मध्येच पाईप तुंबला. गाडीवरच्या माणसानं चप्पल काढली आणि उघड्या टाकीत पाय सोडला. कधी आवाज न चढवणाऱ्या चाचांनी त्याची कॉलर धरून असा हिसका दिला की दोघंही कर्दळीत पडले. तो शिव्या देऊ लागला. चाचा कर्दळीतच बसून होते. "माझा सख्खा भाऊ उतरला हुता, बिलोलीला," ते म्हणाले. "एका मिनटाचं काम हाय म्हनून. वर आलाच न्हाई." शिव्या थांबल्या. बायकोनं चहा आणला, तो चाचांनी आधी त्या माणसाला दिला. मग लांब बांबूनं दोघांनी मिळून पाईप मोकळा केला.

गुडघे गेल्यावर लेक त्यांना हैदराबादला घेऊन गेली. ईद आली की आम्ही दोघं नवराबायको उगाचच मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचो. यंदा गल्लीत ड्रेनेजची लाईन आली आणि टाकी बुजवायची ठरली. हे त्यांना कसं सांगावं, याच विचारात माझे चार दिवस गेले. शेवटी फोन केला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भरायच्या आधी दावता का, सर?"

उपसून, धुऊन कोरडी केलेली टाकी मी व्हिडिओवर दाखवली. इतक्या वर्षांत प्लास्टरला केसभर तडा गेला नव्हता. चाचा डोळे बारीक करून कोपरा न् कोपरा बघत होते. "भरा आता," ते म्हणाले. मजुरांनी मुरमाची पहिली पाटी आत ओतली. फोन ठेवा असं ते म्हणाले नाहीत, मीही ठेवला नाही. टाकी काठोकाठ भरेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.