मावशीकडचे आठ

आमच्या धाकट्याला घरात सगळे घड्याळजी म्हणतात. कुठल्या देशात आत्ता किती वाजलेत ते दाखवणारी वेबसाइट तो चालवतो. झोपेतून उठवून विचारा, पठ्ठ्या अचूक सांगणार!

"ताई, बेरीज-वजाबाकी सोपी असते गं. सरकारं अवघड," तो कुरकुरायचा. "कधी घड्याळं तासभर मागे घ्या म्हणतात, कधी ऐनवेळी रद्द करतात. निस्तरायला मी आहेच."

मावशी परदेशात होती. हृदयाचं ऑपरेशन, डॉक्टर काही खात्री देईनात. तिथल्या आठ वाजता, आत नेण्याआधी, जरा वेळ तिच्या हातात फोन देऊ, असं नर्सनं कळवलं. आईचा आणि तिचा कित्येक वर्षांचा अबोला. कशावरून, तेही धड आठवत नव्हतं दोघींना. आईला तो मोडायचा होता, बस्स.

नेमकं त्याच आठवड्यात तिथल्या सरकारनं घड्याळं मागे घेणं रद्द केलं. धाकट्यानं ऑफिसात खपून नवे नियम घातले आणि आईला फोन केला, "बिनधास्त साइट बघ. तिथे आठ दिसले की लाव."

आई जुना टॅब मांडीवर घेऊन बसली. आठ दिसले. तिनं लावला. नर्स म्हणाली, "त्यांना केव्हाच आत नेलं. जाईपर्यंत फोनकडेच बघत होत्या."

धाकटा धावत घरी आला. टॅब स्वतःच्या फोनशेजारी धरून बघितला. टॅबवर तिथली वेळ तासभर मागे होती.

"साइट पटकन चालावी म्हणून वेळेचा हिशोब मीच ज्याच्या त्याच्या यंत्रावर सोपवला, ताई. नियम बदलले ते माझ्या सर्व्हरवर. हा टॅब स्वतःचे जुनेच नियम धरून बसलाय."

"मग बदल की ते!"

"नाही बदलता येत. कंपनीनं याचे अपडेट कधीच बंद केलेत."

"डोंबल तुझं! जगाला वेळ सांगतोस आणि आईला नाही?" मी इतकी चिडले होते की त्याचे डोळे भरलेले मला दिसलेच नाहीत.

संध्याकाळी तिकडून फोन आला. मावशी गेली होती.

आई रडली नाही. त्या साइटवर वेळ पुढेमागे करून बघायला एक पट्टी आहे. आईनं ती बोटानं हळूहळू मागे सरकवली, मावशीकडचे आठ येईपर्यंत. मग टॅब धाकट्याच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली, "आता लाव तिला फोन."