बांधाजवळच्या ओळी

बीएस्सी कृषी. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि ती सांगताना मी आवाज कमी करत नाही. शिकून चोपड्याकडे गावी परतले तेव्हा आबांनी, म्हणजे वडिलांनी, केळीला हात लावू दिला नाही. विहिरीजवळचा चवळीचा तुकडा मात्र सोडला. "शिकेल शे ना? मंग कर," म्हणाले.

मी केलं. पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळलं, बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणू खत चोळलं आणि रासायनिक खत निम्म्यावर आणलं. चवळीच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतून ती आपलं नत्र आपण मिळवते. युरिया तिला सुरुवातीला थोडाच लागतो. जास्त झाला की नुसती पाल्याला जाते. आबांना हे पटायला वेळ लागला. पण पटल्यावर पारावर माझ्यापेक्षा मोठ्यानं तेच सांगायचे.

यंदा युरिया आबांनीच दिला, हौसेनं. मग एके दिवशी शेजारचे नाना बांधावरून ओरडले, "काय आबा, चवळी शे का सातपुडा खाले उतरना?"

आबा खूश झाले. मी ओळीत शिरले. बांधाजवळच्या ओळी काळपट हिरव्या, पानं तळहाताएवढी, शेंग शोधून सापडेना. एक रोप उपटलं तर मुळावर गाठी नावाला. पलीकडच्या ओळींची पानं फिकी होती, आणि शेंगा झुपक्यांनी लोंबत होत्या. शेडमध्ये जाऊन पाहिलं, युरियाचं पोतं तळाला गेलेलं.

"आबा, युरिया परत टाकला का?"

"नई माय. अजून टाकायनाच शे."

आबा खोटं बोलत नाहीत. ते रोज सकाळी पहिल्यांदाच युरिया टाकत होते. बांधापासून सुरुवात करायची, दमले की थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधापासून. कुठवर विसरले, ते पिकात दिसत होतं.

जळगावला डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या दिल्या. हे वाढतच जाईल, म्हणाले. मी विचारलं, कमी व्हायला काही? तर ते आबांशी यंदाच्या पाण्याबद्दल बोलायला लागले.

जमीन खारवटली, चुनखडी निघाली, पान पिवळं पडलं, तर मला विचारा. गावातली माणसं विचारतातही. इथं मात्र माझ्याकडे काही नाही.

आई म्हणाली, "त्यास्ले घरीच बसाड आते." बसवून पाहिलं. चपला घालून ते ओट्यावर बसले ते दिवस मावळेपर्यंत, कुणीतरी वावरात न्यायला येईल म्हणून. त्यांचं वावर काढून घेतलं तर त्यांच्यातलं उरेल काय? ते मला जमलं नाही.

मग युरिया नानांच्या घरी ठेवला आणि बांधाला शेणखताचा ढीग घातला. कुजलेलं खत जरा जास्त झालं तरी युरियासारखं लगेच अंगावर येत नाही. आता आबा रोज विचारतात, "युरिया कुठे शे?" मी सांगते, "देऊन झाला आबा, आता शेणखताची पाळी." ते टोपली उचलतात, बांधापासून सुरू करतात. त्या ओळींना आता शेंगा धरतील अशी आशा मी ठेवलेली नाही.

काल तोडणी होती. बाया सरळ पलीकडच्या ओळींत गेल्या, मीही गेले. आबा बांधाजवळ कमरेएवढ्या पाल्यात टोपली घेऊन उभे होते. तिथून हाक आली, "माय, ती पल्याडनी चवळी पिवयी दिसी ऱ्हायनी! कॉलेजमा शिकाडं नई का तुले? थोडा युरिया दे तिले!"

बाया हसल्या. एक म्हणाली, "द्या ना ताई, आबा सांगी ऱ्हायनात."

माझी ओटी शेंगांनी भरली होती.

"देते, आबा," मी ओरडून म्हटलं, आणि तोडत राहिले.