लिफ्टची इमारत

शेलूला फ्लॅट घेतला तेव्हा मला साठावं संपत आलं होतं. तोवरचा सगळा संसार खोपोलीत, भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. नवरा तिथल्याच एका कारखान्यात फिटर होता आणि मी एका पतपेढीत खिडकीवर बसायची. तेवढ्या वर्षांत घरमालकाने तीनदा "खोली खाली करा" म्हणून निरोप पाठवला आणि तीनदा आम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. आयुष्यात एकदा तरी आपल्या दाराला आपलं कुलूप लावायचं, एवढीच माझी हौस होती. मुलगी बदलापूरला दिलेली. शेलूहून तिच्याकडे जाणं-येणं सोपं, म्हणून शेलू.

पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे फ्लॅट गेलेले होते. हे जरा बिचकले. तेव्हा फाटकाजवळच्या ऑफिसातला विक्रीवाला गृहस्थ हसत म्हणाला, "काका, लिफ्टची इमारत आहे. आणि चौथ्यावरून डोंगर बघा!" त्याने आम्हाला बाल्कनीत नेलं. समोर माथेरानचा डोंगर, खाली भाताची खाचरं. चावी दिली त्या दिवशी त्याने यांना शाल घातली, माझी ओटी भरली, फोटो काढला. तो फोटो पुढे त्यांच्या जाहिरातीतही लागला होता म्हणे.

पहिले आठ महिने बरे गेले. मग एका सकाळी हे न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. बदलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वॉकरवर चालवायचं, पण जिने सहा महिने अजिबात नाहीत. मी म्हटलं, "आमच्याकडे लिफ्ट आहे." केवढ्या ऐटीत म्हटलं ते माझं मलाच आठवतं.

घरी आणल्यानंतर तीन आठवड्यांनी लिफ्ट बंद पडली. दारावर कागद चिकटवला होता: 'लिफ्ट बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तारीख नाही, सही नाही.

बिल्डरने चावीबरोबर एक फोन नंबर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप दिलं होतं. मी फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी बोलली. सगळं ऐकून म्हणाली, "मी तुमची अडचण समजू शकते, मॅम. चोवीस तासांत निवारण होईल." दुसऱ्या दिवशी अ‍ॅपवर खरंच निरोप आला: 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' मी धावत बाहेर जाऊन लिफ्टचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा फोन केला. दुसरीच मुलगी होती. तीही माझी अडचण समजू शकत होती. पण तक्रार बंद झाल्याचं तिच्यासमोर दिसत असल्याने तिला नवी तक्रार नोंदवावी लागणार होती. ती नोंदवली. तीही दुसऱ्या दिवशी 'सोडवली' गेली. अशा किती तक्रारी त्यांनी सोडवल्या, मी मोजायचं सोडून दिलं.

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीला विचारलं, तर त्यांचं म्हणणं देखभालीचा करार बिल्डरशी आहे आणि तो संपला. बिल्डर म्हणे आता करार सोसायटीने करायचा. सोसायटी अजून झालेलीच नव्हती, कारण तिच्यासाठी लागणारे कागद बिल्डर देत नव्हता. दोन वर्षांच्या देखभालीचे पैसे मात्र त्याने आमच्याकडून आधीच घेऊन ठेवले होते. हे सगळं मी प्रत्येक फोनवर पहिल्यापासून सांगायची. समोरची मुलगी मध्येच म्हणायची, "मॅम, तुमचा फ्लॅट नंबर?"

हे दाराशी खुर्ची टाकून बसायचे. फिटर माणूस, आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकलेले. लिफ्ट बंद पडण्याआधी आठवडाभर तिचं दार दोनदा लागत होतं, ते यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "दाराचं लॉक झिजलंय. अर्ध्या तासाचं काम आहे." पण हात कोण लावू देणार? आणि जिना उतरून खाली तरी कसं जाणार? मग बाल्कनीत बसायचे. डोंगर बघायचे. एक दिवस म्हणाले, "हा डोंगर आता पुरे झाला."

मीही खिडकीवर बसलेली बाई आहे, तेव्हा त्या फोनवरच्या मुलींचा राग मला पुरता करता यायचा नाही. पतपेढीत असताना खालापूरच्या डोंगराकडच्या वाडीतून एक कातकरी माणूस आपलेच पैसे काढायला यायचा. चालत यायचा. अंगठा नीट उमटला नाही म्हणून मी त्याला तीनदा परत पाठवला होता. तिसऱ्यांदा तो नुसता खिडकीच्या लाकडावर हात ठेवून उभा राहिला. मी त्याच्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. चौथ्या मजल्यावर बसून मला तो हात कितीदा दिसला. पण म्हणून माझा राग कमी झाला असं नाही. उलट वाढला, कारण समोरचा कसा विचार करतोय ते मला पक्कं ठाऊक होतं.

फाटकाजवळचं विक्रीचं ऑफिस तोवर गुंडाळलं गेलं होतं. फ्लॅट संपले, ऑफिस संपलं. आता जायचं तर बिल्डरच्या मुख्य ऑफिसात, कर्जतला, भिसेगावात. मी एकटीच निघाले होते, तर फाटकाबाहेर मावशी भेटल्या. इमारतीला लागून त्यांचं जुनं बैठं घर आहे. ज्या जमिनीवर आमची इमारत उभी आहे ती त्यांचीच भातशेती. तिच्या बदल्यात त्यांना पैसे आणि दोन फ्लॅट कबूल झाले होते. पैसे आले, फ्लॅटची चावी अजून आली नव्हती. माझ्याच वयाच्या, पण सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते.

"कुठं चालल्या गं ताई?"

मी सांगितलं.

"थांबा, मी पन येते. तुमी शिकल्याली माणसं, तुमाला वाटतं बोलून काम होतं. तितं जाऊन बसावं लागतं."

भिसेगावच्या ऑफिसात तोच शाल घालणारा गृहस्थ बसला होता. मला काकू म्हणायचा, आता मॅडम म्हणाला. साहेब मुंबईला गेलेत, मेल करा, म्हणाला. मी म्हटलं, "अहो, माझा नवरा अडीच महिने घराबाहेर पडलेला नाही."

"मॅडम, मी समजू शकतो. पण प्रोसेस असते."

मावशी तोवर सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला, काचेच्या टेबलावर ठेवला आणि भाकरी मोडली. तेवढ्यात फ्लॅट बघायला आलेलं एक कुटुंब आत आलं. मावशी त्यांच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "या, बसा. आमी बी घरासाठीच आलोय. लिफ बंद हाय ना आमची, म्हनून."

त्या गृहस्थाचा चेहरा उतरला. "मावशी, तुम्ही आतल्या केबिनमध्ये बसा ना."

"नाय रं, हितंच बरं हाय. वारा लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मेकॅनिक हजर झाला. दोन-अडीच महिने मी जे सभ्यपणे मागत होते, ते त्यांच्या एका भाकरीने झालं. मला आनंद झाला आणि लाजही वाटली.

हे वॉकर घेऊन लिफ्टपाशी गेले आणि काम संपेपर्यंत हलले नाहीत. लॉकच झिजलेलं होतं. मेकॅनिक हात पुसत यांना म्हणाला, "काका, खोटं सांगत नाय. दुसऱ्या इमारतीतला जुनाच पार्ट घासून बसवलाय. नव्याला सही लागते, आणि सही कोन करत नाय."

बारा दिवस लिफ्ट चालली. त्या बारा दिवसांत हे रोज दुपारी चारला खाली उतरायचे आणि मावशींच्या ओट्यावर जाऊन बसायचे. त्यांच्या पाण्याच्या पंपाचं काहीतरी अडलेलं होतं, ते यांनी बसल्या बसल्या दुरुस्त करून दिलं. चहा व्हायचा. चेहऱ्यावर रंग आला. रात्री जेवताना दोन घास जास्त जायला लागले.

तेराव्या दिवशी हे खाली असतानाच लिफ्ट बंद पडली.

मी वर होते, कपडे घड्या करत. मावशींनी खालून हाक मारली. खाली गेले तर हे लिफ्टच्या दारासमोर वॉकर धरून उभे. इमारतीतले चार पुरुष कामावरून आले होते. ते म्हणाले, "काकू, काळजी करू नका, खुर्चीवर बसवून नेतो." प्लास्टिकची खुर्ची आणली, यांना बसवलं आणि चौघांनी उचललं. पहिला मजला गेला. दुसऱ्याच्या वळणावर जिना अरुंद आहे. तिथे पुढच्याचा हात सुटला आणि खुर्ची कलली. हे ओरडले. छत्तीस वर्षांच्या संसारात मी यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. पडले नाहीत, भिंतीला टेकले. पण घामानं निथळले होते आणि एवढंच म्हणत होते, "खाली ठेवा मला. खाली न्या."

ते चौघे बिचारे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "न्या खाली."

मावशींनी ओट्यालगतची खोली उघडली. तिथे भाताच्या कणग्या असायच्या. आता पिकवायला शेतच उरलं नव्हतं म्हणून रिकामी होती. त्यांनी खाट टाकली. म्हणाल्या, "ऱ्हावा आज हितं. उद्या बघू."

तो उद्या आला नाही. मी वरून आधी औषधं आणली, मग गाद्या, मग कुकर आणि शेगडी. आठवड्याभरात निम्मं घर मी माझ्या हाताने जिन्यावरून खाली वाहून आणलं. आणताना वाटेत भेटणारे विचारायचे, "शिफ्टिंग चाललंय का काकू?" महिना झाल्यावर मी मावशींपुढे भाड्याचा विषय काढला. त्या नको म्हणाल्या, पण यांनी ऐकलं नाही. रीतसर करार केला. म्हणजे स्वतःचं घर असलेले आम्ही, आमच्याच इमारतीच्या कुंपणाला लागून पुन्हा भाडेकरू झालो. दोन दिवसांनी एकदा मी वर जाते, खिडक्या उघडते, फरशीवरची धूळ पुसते, खिडक्या लावते आणि कुलूप घालून खाली येते. माझ्या दाराला माझं कुलूप आहे, ती हौस फिटली.

लिफ्ट तेव्हापासून बंदच आहे. रहिवाशांनी मिळून ग्राहक मंचाकडे तक्रार अर्ज केलाय. तारखा पडतात. अ‍ॅपवर अजून निरोप येतात.

शेवटी मी फ्लॅट विकायचा ठरवला. यांना फारसं पटलेलं नव्हतं, पण नाही म्हणाले नाहीत. एजंटनं एक जोडपं आणलं. दोघंही तिशीतली, ठाण्याला नोकरी, हसतमुख. चार जिने चढून वर आली, धापा टाकत बाल्कनीत गेली आणि डोंगराचे फोटो काढायला लागली. त्यातल्या मुलीनं मला विचारलं, "काकू, लिफ्टचं काम कधी होईल?"

"दोन-चार दिवसांत होईल," मी म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की मला दचकायलाही वेळ मिळाला नाही. वर मीच आणखी म्हणाले, "सांगून ठेवलंय."

आम्ही खाली आलो. हे ओट्यावर बसले होते. मुलीनं नमस्कार केला आणि विचारलं, "काका, तुम्ही खालीच का राहता?"

मी यांच्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत काय होतं ते यांना नक्की कळलं. तरी यांनी तिला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. लॉक, जुना पार्ट, खुर्ची, सगळं. आवाज न चढवता, एखाद्या यंत्राचा बिघाड समजावून सांगावा तसं. ती दोघं "थँक्यू काका" म्हणाली आणि गेली. एजंट जाताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवत गेला.

"काय गरज होती?" मी विचारलं.

"तिची सासू राहायला येणार आहे त्यांच्याबरोबर. काठी घेऊन चालते म्हणाली."

"आणि आपलं काय?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आत जायची. खोटं मी बोलले होते आणि राग मलाच आला होता.

तिसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. त्या जोडप्याने घर घेतलं म्हणाला. आमच्याच आवारात, मागे नुकत्याच उभ्या राहिलेल्या नव्या विंगमध्ये, थेट बिल्डरकडून. पाचवा मजला.

मी बाहेर येऊन यांना सांगितलं. त्यांनी मान वळवून त्या विंगकडे कान दिला. मग म्हणाले, "त्या लिफ्टचा आवाज आत्ता तरी चांगला आहे," आणि चहा टाकायला सांगितला.