फाटकाखालचा सांधा

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. यांची कलकत्त्याला बदली झाली आणि बेहालाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्हांला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली एक बंगाली कुटुंब होतं. नवरा टपाल खात्यात, बायको माझ्याच वयाची, पदरात सहा वर्षांची मुलगी. फाळणीत घरदार पूर्वेकडे सोडून आलेली माणसं. मोडक्या हिंदीत आमच्या दोघींच्या गप्पा चालायच्या. ती मला दीदी म्हणायची, मी तिला दीदी म्हणायची.

चैत्रात नळाच्या पाण्याला वास यायला लागला. मग पाणी पिवळट झालं आणि मागच्या इमारतीतल्या दोन मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. यांनी बांधकाम खात्याला अर्ज केला. उत्तर आलं : पाणी नगरपालिकेचं आहे. नगरपालिकेनं कळवलं : फाटकाच्या आतले नळ बांधकाम खात्याचे आहेत. यांना पुनःपुन्हा रजा मिळेना, म्हणून आम्ही दोघीच ट्रामनं एस्प्लनेडला बांधकाम खात्याच्या कचेरीत गेलो.

"आमच्या हद्दीत दोष नाही," तिथले साहेब म्हणाले.

"तपासलंत का?"

"तपासायला रस्ता खणावा लागेल. त्याला नगरपालिकेची परवानगी लागते."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत गेलो. "परवानगी देऊ की," तिथला कारकून म्हणाला, "पण ती अजून कोणी मागितलेलीच नाही."

बाहेर पायरीवर बसून तिनं कपाळाचा घाम पुसला. "दीदी, ये लोग आपस में बात क्यों नहीं करते?"

मी तिला हाताला धरून उठवलं आणि आम्ही परतीची ट्राम पकडली.

शेवटी आरोग्य खात्यातल्या एका म्हाताऱ्या निरीक्षकानं आमचं सगळं ऐकून घेतलं. "दोघांनाही एकाच दिवशी क्वार्टर्सवर बोलावतो," तो म्हणाला. "पण पत्रं जाऊन माणसं यायला आठवडा धरा. तोवर पाणी उकळून प्या."

कोळसा तेव्हा मिळेल तेवढाच मिळायचा. ती मुलीपुरतं आणि नवऱ्यापुरतं पाणी उकळायची. एकदा मी तिला नळाला ओंजळ लावून पिताना पाहिलं आणि ओरडलेच.

"मेरा क्या, दीदी," ती हसली. "मैं तो नदी का पानी पीकर बड़ी हुई."

माझ्याकडे उकळलेल्या पाण्याची कळशी भरलेली होती. तिला त्यातलं तांब्याभर द्यावं असं मनात आलं. पण माझीही मुलगी चिमुरडीच होती, आणि कोळशाचं पोतं तळाला गेलं होतं. मी तशीच वर आले.

पाचव्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. इस्पितळाच्या गाडीत मी तिचा हात धरून बसले होते. तो बर्फासारखा गार होता. दिवेलागणीच्या आधीच ती गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी तिन्ही खात्यांची माणसं आली. फाटकाशी खणलं. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटाराच्या घाणीत बुडालेला होता, आणि त्याचा गंजून फुटलेला सांधा नेमका फाटकाच्या खाली होता. तो कोणाच्या हद्दीत, यावर दोन साहेबांची जुंपली. एकानं नकाशा उलगडला, दुसऱ्यानं टेप मागवली.

"अहो, इथली एक बाई मेली!" म्हातारा निरीक्षक ओरडला. "मोजताय काय?"

नकाशाची घडी झाली. बांधकाम खात्याच्या मजुरांनी गटार अडवलं, नगरपालिकेच्या मिस्त्रीनं पाइप बदलला. तीन वाजता सगळं आटोपलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते.

महिन्याभरात तिचा नवरा मुलीला घेऊन बराकपूरला बहिणीकडे निघाला. मी निरोप द्यायला खाली गेले. ट्रंकेला कुलूप लावताना त्यानं मान वर न करता विचारलं, "शेवटी पाइप निघाला कोणाचा?"

"दोघांचा," मी म्हटलं.

त्यानं ट्रंक उचलली, मुलीचं बोट धरलं आणि ट्रामच्या रस्त्याला लागला.