सदूमामाच्या जाळ्याचे फोटो

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या वस्तीतले नाही — आणि यात काही फार शूरपणा नाही, तेही मला कळतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अजूनही ताठ मानेनंच सांगते. चंद्रपूरला सदूमामाकडे राहून बी.एस्सी. झाले, नोकरी लागली, तिथंच तुकूम भागात वेगळी खोली केली. मग दर रविवारी सकाळी सायकल चालवणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये जाऊ लागले. डॉक्टर, इंजिनियर, त्यांच्या बायका. जटपुरा गेटपासून निघायचं, परकोटाच्या कडेनं शहराला फेरी मारायची, शेवटी तर्री-पोहे. फोटो मी काढायचे. "मॅडमची नजर वेगळी आहे," असं कुणी म्हटलं की दिवसभर ते कानात राहायचं. त्याआधी मला मॅडम म्हटलं होतं कुणी?

आधी आमचा एक नेम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही ढिवर, मासोळीवर जगणारे. पावसाळ्यात मासोळी अंड्यावर येते, तेव्हा तलावात जाळं पडत नाही. ज्यानं टाकलं त्याची तलावात जाळं टाकायची वर्षभराची पाळी जाते. हा कुठला सरकारी कायदा नाही, आमच्याच लोकांनी घालून घेतलेला आहे. त्यात सूट एकच — घरात बाळंतीण असली तर तिच्यापुरता जाळ्याचा एक डाव टाकता येतो. एकच. आणि तो एकच होता, हे सांगणारा माणूस लागतो. घरचा चालतो, परका चालतो. डोळ्यानं पाहिलेला पाहिजे.

पावसाळ्यातल्या एका रविवारी आम्ही शहराच्या कडेच्या तलावाच्या बांधावर पाणी प्यायला थांबलो. खाली एक माणूस आमच्यादेखत पाण्यात उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात पाठमोरा उभा राहिला. माणसाआधी मी जाळं ओळखलं. निळ्या दोऱ्यानं सांधलेलं. सदूमामाचं. त्याची मुलगी शालू बाळंत झाली होती, आदल्याच दिवशी मी दवाखान्यात बाळ पाहून आले होते. मामी तिच्याजवळ होती, म्हणून मामा एकटाच आला असणार. म्हणजे मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायलासुद्धा जागा नाही.

जाळं हवेत उघडलं — गोल, अजून कोरडं. मी काढला फोटो.

"ओळखीचे आहेत का हो तुमच्या?" डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले.

का म्हणाले? मामा फाटक्या बनियानमध्ये होता, म्हणून? मी हेल्मेट-गॉगलमध्ये होते, म्हणून? तेवढ्याचसाठी. दुसरं काही नाही.

पण फोटो काढत राहिले. जाळं ओढताना. सापडलेली मरळ मासोळी पिशवीत टाकताना. जाळं खांद्यावर घेऊन पलीकडच्या काठानं जाताना. एक डाव टाकून माणूस घरी गेला — सगळं माझ्या मोबाईलमध्ये होतं.

हवेतल्या जाळ्याचा फोटो ग्रुपनं इंटरनेटवर टाकला. खूप वाखाणला गेला. फिरत फिरत तो वस्तीतही पोचला, आणि जाळं जसं मी ओळखलं तसं त्यांनीही ओळखलं. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. मामानं मला मुद्दाम बोलावून घेतलं.

"एकच डाव टाकला जी," मामा म्हणाला. "पोरगी बाळंत हाये. मरळ पाह्यजे होती."

"एक टाकला का दहा टाकले, कोणं पाह्यलं?" वस्तीचे म्होरके धोंडूभाऊ म्हणाले. "फोटोत तं जाळं हवेतच हाये."

"अजून खाली नाई आलं का गा, सदू?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि ओटा हसला.

मामा हसला नाही. "माही भाची जाते त्या सायकलवाल्याइत. तिले इचारा. तिनं पाह्यलं असन तं सांगन."

सगळे माझ्याकडे वळले. धोंडूभाऊंनी विचारलं, "तू होती का बाई तिथी?"

मोबाईल हातातच होता. अंगठा फिरवला असता की झालं असतं. पण मग — मामाला पाहूनही तू हाक का नाही मारली? नेम ठाऊक असून फोटो का काढला? त्या लोकांना काय सांगितलं, हा कोण म्हणून?

"नाही," मी म्हणाले. "त्या रविवारी मी गेले नव्हते."

धोंडूभाऊंनी मान हलवली. "शिकलेली पोरगी हाये. ती कायले खोटं बोलन." आणि मामाची पाळी गेली.

ओट्यावरून उतरल्यावर मामा चपला शोधत म्हणाला, "तू असती तं काम झालं असतं, पोरी." त्यात टोमणा नव्हता. "आता आलीच हायेस तं जेवून जाजो."

मी जेवले.

त्या वर्षी मामा गवंड्याच्या हाताखाली गेला. पाळी पुढच्या वर्षी परत मिळाली, नाव मिळालं नाही. वस्तीत त्याला 'दहाडाव्या' म्हणतात. शालूचा पोरगा आता शाळेत जातो. भांडण झालं की पोरं त्याला 'दहाडाव्याचा नातू' म्हणतात. तो मारामारी करून घरी येतो, आणि मामा त्याला समजावतो — म्हणू दे, म्हटल्यानं काय होते. मीही एकदा तिथं बसले होते. चहा पीत.

बोलायला तोंड आजही आहे. मी उघडत नाही.

बाकीचे फोटो मी बैठकीच्या दिवशीच पुसले, परत येताना, ऑटोत बसून. ओढतानाचा, मरळीचा, पाठमोरा जातानाचा. हवेतल्या जाळ्याचा तेवढा ठेवला. तो चांगला आला होता.